सतराव्या ओळीतली बाई

आजोबांच्या नावाखाली 'बायको' म्हणून भलत्याच बाईचं नाव पाहिलं आणि डोलोरेसबाई हुदाक लायब्ररीत इतक्या मोठ्यानं "काय?" म्हणाल्या, की पलीकडे पेपर वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी कानातली यंत्रं चाचपून पाहिली.

पडद्यावर जहाजातून उतरलेल्या प्रवाशांची यादी होती. न्यूयॉर्क बंदर, एप्रिल १९०९. सोळाव्या ओळीत आंद्रेय हुदाक, वय चोवीस, मजूर. इथवर ठीक होतं. सतराव्या ओळीत झुझाना हुदाक, वय एकोणीस, बायको.

आजीचं नाव होतं आन्ना.

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. पण डोलोरेसबाईंनी चाळीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हजेरीपट लिहिले होते. कागदावर आहे ते झालेलं आहे, यावर त्यांची चर्चवर होती तेवढीच श्रद्धा होती. त्यांनी त्या पानाची छापील प्रत घेतली आणि तरातरा बाहेर पडल्या. लायब्ररीतली पॅम मागून हाका मारत राहिली.

वेळही अशी, की चर्चला शंभर वर्षं होत होती. ज्या स्लोव्हाक खाणकामगारांनी ते उभं केलं, त्यांच्या घराण्यांवर पुस्तक निघत होतं. हुदाकांचं पान रविवारी द्यायचं होतं. त्या पानासाठी आजोबा कोणत्या जहाजानं आले एवढंच पाहायला त्या गेल्या होत्या.

"लेनी, आजोबांची एक बायको आधीच होती!" त्यांनी शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या टेबलावर कागद आपटला.

लेनीनं चष्मा लावला. "दिसतंय खरं. पण डोली, माणूस जाऊन साठ वर्षं झाली."

"म्हणून काय सुटला? आपली आजी! सगळ्या गावाला खरं बोलायला लावणारी बाई! तिला या माणसानं फसवलं. आणि या झुझानाचं केलं काय?"

"तू आता काय करणार? फाशी देणार?"

फाशी देता येत नव्हती. चर्चच्या हॉलमध्ये आजी-आजोबांचा जोडीनं फोटो होता. तो काढावा तर आजीचाही अपमान. डोलोरेसबाईंनी बटाटा भरलेल्या स्लोव्हाक करंज्यांची 'शुक्रवारी पिरोही विक्री' अशी सूचना घेतली आणि आजोबांच्या अर्ध्या भागावर चिकटवून टाकली. शुक्रवार उलटल्यावर तो कागद कोणीतरी काढला, पण तोवर बोभाटा व्हायचा तो झाला होता.

यादीत झुझानाच्या बापाचं नाव होतं, यान वर्गा. शेजारच्या गावात नळदुरुस्ती करणारा स्टीव्ह वर्गा होता. डोलोरेसबाईंनी फोन लावला.

"तुमच्या घरात झुझाना नावाची कोणी होती?"

"आजोबांची बहीण. का हो?"

"तिला माझ्या आजोबांनी फसवलं, नाहीतर तिनं माझ्या आजीला. यातलं काय ते मला कळलं पाहिजे."

अर्ध्या तासात स्टीव्ह दारात हजर. हातात फोटो, चेहरा लालबुंद. "हे बघा. १९३८. झुझाना, तिचा नवरा, सहा पोरं आणि बदकं. मागे त्यांची पिठाची गिरणी. या बाईनं जन्मात समुद्र पाहिला नाही. ओढा ओलांडायचा तरी नवऱ्याचा हात धरायची म्हणे. आमच्या घरच्या बाईवर असले आळ घेता?"

"मग ही कोण?"

"ते तुमच्या आजोबांना विचारा!" म्हणून स्टीव्ह गेला. दार त्यानं हळू लावलं, त्याचाच डोलोरेसबाईंना जास्त राग आला.

आता प्रकरण भलतंच झालं. म्हणजे कोणी तिसरीच बाई एका गरीब मुलीचं नाव चोरून या देशात घुसली होती! शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात बारा बायका पिरोहीच्या कडा चेपत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे डोलोरेसबाईंनी तोंड सोडलं.

"लबाड! उठवळ! दुसरीच्या नावावर येते आणि परक्या पुरुषाची बायको म्हणून सही ठोकते! अशा बाईला तिथूनच परत पाठवायला हवं होतं."

पुस्तकाची संपादक बर्निस साबोल शेवटच्या टेबलावर होती.  तिची पिरोही जरा जास्तच चपटी झाली.

शनिवारी डोलोरेसबाई त्या लबाड बाईचा माग काढायला पुन्हा लायब्ररीत गेल्या.

"अहो, त्या दिवशी मी हाका मारत होते," पॅम म्हणाली. "यादी दोन पानांवर असते. तुम्ही डावं पान घेऊन गेलात. त्याच ओळी उजवीकडे पुढे जातात."

तिनं उजवं पान उघडलं. ओळ सतरावी. उंची पाच फूट. केस तपकिरी. डोळे करडे. ओळखीची खूण: डाव्या करंगळीचं टोक नाही.

डोलोरेसबाईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. लहानपणी चर्चमध्ये चुळबूळ केली की एक हात मागून यायचा आणि त्यांचा कान धरायचा. त्या हाताला साडेचार बोटं होती.

"छापू?" पॅमनं विचारलं.

"छापा," त्या म्हणाल्या. या वेळी एवढ्या हळू, की पॅमला पुन्हा विचारावं लागलं.

मार्गिता तेता, म्हणजे त्यांची आत्या, त्र्याण्णव वर्षांची. वृद्धाश्रमात खिडकीशी जेली खात बसली होती.

"तेता, आजी अमेरिकेत कशी आली?"

"जहाजानं."

"कोणाच्या नावावर?"

तेताचा चमचा थांबला. "कळलं का शेवटी? अगं, आमची आई तर निरोप द्यायला गेली होती."

"कोणाला?"

"झुझानाला. मैत्रीण तिची. तिचं आमच्या बाबांशी लग्न ठरलं होतं, तिकीट नवरा-बायको म्हणून काढलेलं. स्टेशनात गाडी आली आणि झुझानानं कठड्याला मिठी मारली. मी पाण्यावर जायची नाही म्हणाली. तिचा बाप ओढतोय, तिची आई रडतेय, आणि बाबा आपले तिकिटं धरून उभे. गाडीनं शिट्टी दिली. तेव्हा आमची आई पुढे झाली. म्हणाली, तिकीट वाया घालवता का? मी येते. हातात शिदोरीची टोपली होती, तेवढीच."

"अगं, पण दोघांची ओळख?"

"बाबांशी बोललेलं पहिलं वाक्य तेच. आणि डब्यात बसल्यावर दुसरं, नाव तिचं घेतलंय, बाकी काही गृहीत धरू नका! लग्न इथं आल्यावर केलं, पाच आठवड्यांनी, स्वतःच्या नावानं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं कधी?"

"शपथ घातली होती. तिला वाटायचं, परत पाठवतील. सरकारी पाकीट आलं की आई तळघरात जाऊन बटाटे निवडत बसायची. नातवंडं झाली तरी."

डोलोरेसबाईंनी पर्समधला रुमाल शोधला. तो सापडला, पण त्याचं काय करायचं ते त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर बर्निस पेन्सिल घेऊन समोर आली. "काय गं, ती लबाड बाई सापडली का?"

"लबाड कोणाला म्हणतेस?"

"तूच म्हणालीस. बारा जणींसमोर."

"मी म्हणेन! माझी आजी आहे ती!" डोलोरेसबाई कडाडल्या. पायऱ्या उतरणारे लोक थांबले. "एकोणीस वर्षांची पोर. निरोप द्यायला गेली आणि देश बदलून आली! तुझ्यानं होईल? तू शेजारच्या गावात जातेस तर तीन बॅगा घेतेस!"

 बर्निस कागदाकडे पाहत म्हणाली, "बरं बाई. काय लिहू? संस्थापक आंद्रेय हुदाक आणि आन्ना हुदाक?"

"हो. आणि झुझाना वर्गा."

"ती तर आलीच नाही!"

"नसेल आली," डोलोरेसबाई म्हणाल्या. "तिकीट तिचं होतं."