शकुनाची गोळी

संकट कधी सांगून येत नाही, असं आपल्याला लहानपणापासून सांगण्यात आलेलं आहे. म्हणून सुज्ञ गृहस्थाने संकटाच्या स्वागताची तयारी आधीच करून ठेवावी, म्हणजे दारी आलेलं संकट हात हलवत परत जाणार नाही.

याच तत्त्वावर आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळाने गेल्या वर्षी 'गृहसंरक्षण व आपत्कालीन सज्जता उपसमिती' स्थापन केली. अध्यक्ष मोरेश्वर खानविलकर, वय बाहत्तर, वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. सगळं गाव त्यांना काका म्हणतं. चिटणीस मी. तिसरा सभासद नाही, त्यामुळे ठराव नेहमी एकमताने मंजूर होतात.

काकांची सज्जता आधीपासूनच वाखाणण्यासारखी होती. त्यांच्या तळघरात चाळीस गॅलन पाणी, चार विजेऱ्या, एक जनरेटर (पेट्रोलशिवाय, घरात पेट्रोल ठेवणं धोक्याचं असतं), अकरा किलो पोहे, मेतकुटाच्या तीन बरण्या, कुकरच्या सहा रिंगा आणि सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती एवढं होतं. या प्रती इतक्या सुरक्षित जागी ठेवल्या आहेत की सहा वर्षांत त्या कुणाला सापडलेल्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात वादळामुळे तीन दिवस वीज गेली, तेव्हा ही व्यवस्था अतिशय उपयोगी पडली असती. पण तेव्हा काका आणि कांचनकाकू मुलाकडे, पार्सिपनीला गेलेले होते.

सज्जतेची यादी काकांनी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. तीत अठ्ठेचाळीस बाबी होत्या आणि प्रत्येक बाबीपुढे खूण करायला एक चौकोन होता. सत्तेचाळीस चौकोन भरले. अठ्ठेचाळिसाव्यापुढे लिहिलं होतं, 'शस्त्र'. ज्याने आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरच्या तपासणीचे तक्ते भरले, त्याला एक चौकोन कोरा ठेवून झोप लागत नाही. (मीही इंजिनियर आहे. लागत नाही.)

धोक्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणून आम्ही काकांच्या घरी अडतीस वर्षांत घडलेल्या घटना तपासल्या. एकूण चार निघाल्या. दोन वेळा रकून नावाच्या प्राण्याने कचऱ्याचा डबा उलथवला. एकदा बर्फ ओढायचं फावडं चोरीस गेलं, ते पुढे शेजाऱ्याकडे सापडलं. काकांनीच ते त्याला दिलं होतं. एकदा छतावर सोलर पॅनल बसवा म्हणून एक गृहस्थ आले आणि पाऊण तास उठले नाहीत. म्हणजे निम्मा धोका वन्य प्राण्यांकडून आणि पाव विक्रेत्यांकडून. आकडे गंभीर होते. समितीने पिस्तुलाची शिफारस केली.

काकू तेवढ्या अडून बसल्या. "अहो, साधं झुरळ दिसलं तर तुम्ही मला हाक मारता. तुम्ही कुणाला गोळी घालणार?"

"कांचन, ते वापरायला नाही, असायला आहे," काका म्हणाले. "पाहुण्यांचा डिनर सेट नाही का आपल्याकडे? कधी काढलाय?"

काकूंनी हरकत मागे घेतली. डिनर सेट खरोखरच कधी काढलेला नव्हता.

काकांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, बोटांचे ठसे दिले, अर्जात 'कारण' या शब्दापुढे पुरवणी जोडून दीड पान लिहिलं आणि परवाना मिळवला. कायद्याप्रमाणे पिस्तूल कुलपात हवं, म्हणून आकड्यांची तिजोरी आणली. आकडा ठेवला नातीच्या वाढदिवसाचा. नात अनया, वय सहा, ही काकांच्या आयुष्यातली एकमेव व्यक्ती जिच्यापुढे ते आपली चूक कबूल करतात. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत ती प्रथमच आईबाबांशिवाय आठ दिवस आजीआजोबांकडे राहायला येणार होती. काकांनी तिच्यासाठी मागच्या अंगणात झोपाळासुद्धा टांगला होता. हे सारं संरक्षण कुणासाठी, असं कुणी विचारलं की ते त्या झोपाळ्याकडे बोट दाखवायचे.

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी रंगीत तालीम झाली. चोर मी. मी बेल वाजवली. (खिडकीतून येणार होतो, पण खिडकीत कुंड्या होत्या.) काकूंनी दार उघडून मला बूट बाहेर काढायला सांगितलं आणि चहा टाकला. काका तिजोरीकडे धावले. आकडा लागेना. वाढदिवस सात एप्रिलचा; तिजोरीत तो अमेरिकन पद्धतीने, महिना आधी, घातला होता, आणि घाईच्या वेळी माणूस मातृभाषेत तारीख आठवतो. तीन चुकांनंतर तिजोरी पाच मिनिटं बंद पडली. मग चष्मा सापडेना. तेविसाव्या मिनिटाला काका शस्त्रासह बैठकीत आले, तेव्हा मी दुसऱ्यांदा चिवडा घेत होतो. तालीम यशस्वी झाल्याची नोंद करण्यात आली. चोरास पुरेसं खायला देऊन किमान अर्धा तास थांबवून धरावं, अशी एक सुधारणा समितीने सुचवली.

यानंतर आली खंडेनवमी.

घरातल्या शस्त्रांची या दिवशी पूजा करावी अशी आपली परंपरा. परदेशात आमच्याकडे शस्त्रं नसल्याने आम्ही इतकी वर्षं लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि काकूंचा फूड प्रोसेसर पुजत आलो. यंदा प्रथमच मंडळाला खरंखुरं शस्त्र लाभलं होतं. काकांनी बारा कुटुंबांना बोलावलं. चौरंगावर लाल कापड, त्यावर अक्षता, मधोमध पिस्तूल, दोन्ही बाजूंना लॅपटॉप. कुलपातल्या वस्तूची पूजा करता येत नाही, त्यामुळे तिजोरीचा प्रश्न आला नाही; आणि मांडलेली पूजा दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही, त्यामुळे पिस्तूल दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहणार होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. देवापुढची वस्तू कोण उचलतं?

एकच अडचण होती. पिस्तूल रिकामं होतं. आता, कलश आपण रिकामा मांडत नाही. ओटी रिकामी भरत नाही. शेजारणीचा डबासुद्धा परत करताना चिमूटभर साखर घालून देतो. देवापुढे रिकामं काही ठेवू नये, ही साधी गोष्ट काकांसारख्या रीतीच्या माणसाला सांगावी लागत नाही. त्यांनी पिस्तुलात एक गोळी भरली. शकुनाची.

पूजा सुरेख झाली. मुलांनाही आपली संस्कृती कळावी म्हणून मी मंडळातल्या रेणूच्या अनीशला, वय पाच, फूल वाहायला पुढे घेतलं. त्याचा हात पोचेना, तेव्हा मीच त्याला उचलून धरलं. फूल कुठे अडकवायचं हे त्या मुलाला उपजतच कळलं: चाप असतो ना, त्याच्याभोवतीच्या कडीत झेंडू अगदी नीट बसला. बोटानेच त्याने तो आत सारला. "सो क्यूट!" सगळे म्हणाले. मी एकाकडून फोटो काढून घेतला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चौसष्ट बदाम आले.

ग्रुपवर काकांची सून निधीही आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

दसऱ्याला सकाळी मी सोनं द्यायला काकांकडे गेलो, तर तिचा फोन चालू होता. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

"बाबा, फोटोत आहे ती रिअल गन आहे?"

"हो. पण लायसन्स आहे, निधी. लॉक आहे."

"फोटोत लॉक नव्हतं. फोटोत एका बाळाचं बोट होतं. बाबा, मी अनयाला कुणाच्याही घरी पाठवायच्या आधी तीन क्वेश्चन्स विचारते. अ‍ॅलर्जीचं काही आहे का, डॉग आहे का, घरात गन आहे का. ऑकवर्ड वाटतं, तरी विचारते. तुम्हाला तेवढं कधी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"तुम्ही आजोबा आहात म्हणून."

पुढचा प्रश्नही तिनेच विचारला.

"एम्प्टी तरी होती ना, बाबा?"

खोटं बोलायला ही उत्तम संधी होती. मी खूण करून तसं सुचवलंही. पण काका चौरंगाकडे पाहत होते. पिस्तूल तिथेच होतं, झेंडूही.

"एक होती," ते म्हणाले. "एक गोळी होती, निधी. मीच घातली होती."

मग ती म्हणाली, "अनया येणार नाही, बाबा. ती गन त्या घरात आहे तोवर नाही." आणि फोन ठेवला.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी त्यांना चिडलेलं पाहिलंय, रडलेलं पाहिलंय. त्या दिवशीसारखं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. "उचला ते," त्या म्हणाल्या. "आत्ता. उत्तरपूजेचं मी देवाशी बघून घेईन."

काकांनी गोळी काढली. ती तळहातावर घेऊन ते चौरंगाशेजारी फरशीवरच बसले. वास्तविक पिस्तुलात दहा गोळ्या मावतात. म्हणजे ते नव्वद टक्के रिकामं होतं. शाळेत एवढ्या गुणांना विशेष प्रावीण्य म्हणतात. हे मी त्यांना सांगून पाहिलं, पण त्यांना गणितात रस दिसला नाही.

मी तातडीची सभा घेतली. नात आली नाही तर घरातली रक्षण करण्याजोगी माणसं तीनवरून दोनवर येतील, सबब धोका एक तृतीयांशाने घटेल, असा ठराव मी मांडला. काकांनी प्रथमच विरोधात मत दिलं.

"मला भीती वाटली रे," ते म्हणाले. "चोराची नाही. माझीच."

त्याच आठवड्यात त्यांनी पिस्तूल रीतसर जमा केलं, परवाना परत केला आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मग निधीला फोन करून, ऐकू येत नसतानाही स्पीकर न लावता, बराच वेळ बोलले. काय बोलले ते समितीच्या दप्तरात नाही.

थँक्सगिव्हिंगला अनया आली. मी समितीतर्फे पाहणीला गेलो. परिस्थिती चिंताजनक होती. मागचं दार सताड उघडं, सहा वर्षांची मुलगी आतबाहेर धावतेय, माजी अध्यक्ष थंडीत मफलर बांधून झोपाळ्याला झोके देताहेत. संरक्षण शून्य. काकू वर मला म्हणाल्या, "बसा, गरम थालीपीठ आहे." अशा घरांचं काय होणार, मला कळत नाही.

समिती मात्र थांबलेली नाही. अध्यक्षही आता मीच आहे. तो फोटो पाहून अनेकांना स्फूर्ती मिळाली आणि आज मंडळाच्या सात घरांचे अठ्ठेचाळीसही चौकोन भरलेले आहेत. त्यांची यादी सुरक्षेच्या कारणास्तव गोपनीय आहे. मंडळाची मराठी शाळा दर रविवारी आळीपाळीने एकेका घरी भरते. गेल्या रविवारी ती आमच्याकडे होती. चौदा मुलं आली. सोडायला आलेल्या पालकांनी फार बारकाईने चौकशी केली: लाडवांत शेंगदाणे आहेत का, कुत्रा बांधलाय का, शाळा किती वाजता सुटेल. निधीचा तिसरा प्रश्न कुणीही विचारला नाही. आपल्याच माणसांना असलं विचारणं बरं दिसत नाही. तुम्हीही नाही विचारलंत. दारातूनच हात हलवलात आणि गाडी वळवलीत. पिवळ्या स्वेटरमधलं ते मूल तुमचंच ना? फार चौकस आहे हो. आमच्या घरातला एकही खण त्याने उघडून पाहिल्याशिवाय सोडला नाही.