वाकड्या जंतूचे कूळ

या सृष्टीत ज्याला वर्ग नाही त्याला बसायला जागा नाही. यातून जंतूही सुटलेले नाहीत. सन १९३४ च्या उन्हाळ्यात पवन मावळातल्या आमच्या गावात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा लोणावळ्याला हवा खायला उतरलेल्या पुण्याच्या एका डॉक्टरांना आम्ही बैलगाडीत घालून आणले. त्यांनी चावडीत दुर्बीण मांडली (ही वर न बघता खाली बघते) आणि गावच्या आरोग्य कमिटीला जंतूंची कुळे समजावून दिली. कमिटीचा चिटणीस म्हणून मीही ऐकत होतो.

जंतूचे कूळ आधी आकारावरून ठरते. काही गोल असतात; त्यांतले कोणी माळेत राहतात, कोणी घोसात. काही काडीसारखे सरळ, काही वाकडे. मग रंग. जांभळ्या रंगात बुडवून स्पिरिटने धुतले की काही जांभळेच राहतात, काही रंग सोडतात (त्यांना मागाहून गुलाबी देतात, विन्मुख कोणी जात नाही). काहींना हवा लागते, काही हवेने मरतात. संकट आले की काही जाड कवच करून स्वस्थ पडून राहतात. हे ऐकून कमिटीच्या सभासदांना आपलेपणा वाटला. वाढायचे झाले की एकाचे मधोमध दोन होतात. लग्न नाही, मानपान नाही, रुसलेले व्याही नाहीत.

एवढे सांगून डॉक्टरांनी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. ती महिपती पाटलांना विचारावी लागली. "पर डाक्टर, ह्यातले गावचे कंचे आन् वाडीचे कंचे?"

"जंतूंमध्ये तसं काही नसतं, पाटील."

पाटलांना डॉक्टरांच्या शिक्षणाची कीव आली. आमच्याकडे पाण्याचे वर्गीकरण केव्हाच पुरे झाले होते. विहीर गावाची, डोंगराकडचा झरा गावकुसाबाहेरच्या वाडीचा, आणि वाडीच्या माणसाने विहिरीच्या पायरीला पाय लावायचा नाही. पटकी झऱ्यातूनच आली, याबद्दल गावात दुमत नव्हते. डॉक्टरांनी दोन्हीकडचे पाणी लोणावळ्याला नेऊन तपासले. झरा स्वच्छ निघाला. पटकीचे वाकडे जंतू निघाले ते आमच्या विहिरीत. डॉक्टरांनी निरोप धाडला: विहीर बंद करा, औषध पाठवतो, तोवर झऱ्याचे पाणी उकळून प्या.

कमिटीने विज्ञानाचा शब्द खाली पडू दिला नाही. गावाने झरा घेतला. आता भरलेली विहीर नुसती पडून राहणे बरे नव्हे, म्हणून ती वाडीला खुली केली. पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी आम्ही एका दुपारी मोडली. नारळ फुटला, मी माणुसकीवर बोललो, आणि पुण्याच्या एका पत्राने 'मावळात समतेची पहाट' असे छापले (मजकूर मीच पाठवला होता).

वाडीतली गंगी तेवढी आडवी आली. "आमाला इहीर नगं, आबा. आमचा झरा आमाला ऱ्हाऊ द्या."

"इतकी वर्सं इहीर मागत व्हता," पाटील म्हणाले, "आता देतोय तर नगं म्हन्तीस व्हय?"

गंगीने रिकामी घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली. तिच्या नवऱ्याने, बारकूने, विहिरीचे पाणी प्यायले आणि तो पटकीने गेला. कमिटीच्या मते त्याला समतेची सवय नव्हती. गंगी चावडीसमोर बसून रडली तेव्हा मला वाईट वाटले. सभेच्या वृत्तांतात मी तसे नमूदही केले.

यथावकाश औषध आले, पाणी आधी गुलाबी झाले, मग निवळले. विहीर शुद्ध झाल्याबरोबर रूढीही पूर्ववत झाली. झरा मात्र आम्ही सोडला नाही. पुन्हा साथ आली तर असू द्यावा.

गंगी हल्ली लोणावळ्याला एका बंगल्यात भांडी घासते. माणसे शिकलेली, दयाळू. चहा रोज देतात, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप तीच विसळून मोरीच्या फळीवर पालथा घालते. वाचकहो, आमच्या कमिटीला आपण मघापासून हसत आहात. आता जरा उठून आपल्या मोरीची फळी पाहून या. तिथला तो वेगळा कप गोल जंतूंसाठी ठेवला आहे, सरळ की वाकड्या, एवढे कळवावे. डॉक्टरांना ते कूळ काही सापडले नाही.