तक्रारीत लिहिता न येणारं नाव

एका जंगलात, बाळांनो, शिकारीला बंदी होती. खऱ्या शिकारीला हो! मोबाइलवरची मात्र दणक्यात चालू होती. 'झडप' नावाचा खेळ होता. त्यात ससेसुद्धा वाघ मारायचे आणि मग दिवसभर छाती काढून हिंडायचे.

खेळायला टोपणनाव घ्यावं लागे. आणि एकदा मोकळीक मिळाली की कोण कुठल्या थराला जाईल, सांगता येतं का? म्हणून सिंहमहाराजांनी भालबा मुंगसाला नावांवर देखरेखीला बसवलं. साप धरून धरून भालबाचे दात पडले होते. बसून करायचं काम मिळालं म्हणून स्वारी खुशीत होती.

नियम सोपा होता. तक्रार आली तरच नाव तपासायचं. तक्रारीत ते नाव जसंच्या तसं लिहायचं. आणि तक्रारीत अभद्र शब्द आला, तर लिहिणाऱ्यावर एक दिवस बंदी. नियम करणाऱ्या समितीत चार कोल्हे होते, म्हणजे बघा.

एक दिवस चिमी खार रडत रडत आली.

"भालबाकाका, त्या रंगराव लांडग्याचं नाव बघितलंत? माझ्या आईवरून आहे हो! वणव्यात गेली ती, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. रविवारी अंतिम सामना आहे. तो जिंकला तर मोर सगळ्या जंगलासमोर ते नाव पुकारणार."

भालबाने नाव बघितलं. त्याच्या शेपटीचे केस ताठ झाले. नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची आई मला पुन्हा घरात घ्यायची नाही.

"मेल्याला लाज नाही! लिही पोरी तक्रार. आत्ताच्या आत्ता उडवतो."

चिमीने लिहिली. तक्रारी तपासणाऱ्या यंत्राने शिटी वाजवली. 'भाषा अभद्र. तक्रार रद्द. चिमीवर एक दिवस बंदी.'

बंदी संपल्यावर तिने नाव गाळून लिहिलं. उत्तर आलं, 'कोणतं नाव ते कळलं नाही. तक्रार रद्द.'

भालबाला खरंच वाईट वाटलं. त्याने स्वतःच हुकूम लिहायला घेतला. पण हुकुमात तरी नाव नको का? यंत्र त्याच्यावरही खेकसलं. 'साहेब, भाषा सांभाळा. पुन्हा असं लिहिलंत तर पद जाईल.' भालबाने झटकन हात मागे घेतला. या वयात पुन्हा साप कोण धरणार?

तेवढ्यात आणखी एक तक्रार आली. रंगरावाची, चिमीविरुद्ध! चिमीचं टोपणनाव होतं 'आईची लाडकी'. रंगरावाने लिहिलं होतं, 'महोदय, सदर नावामुळे ज्यांना आई नाही अशा खेळाडूंच्या भावना दुखावतात. कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.'

भाषा शुद्ध, समास सोडलेला, खाली 'आपला नम्र'. यंत्राने लगेच हिरवा दिवा लावला.

"काका, अहो, मलाच आई नाही!" चिमी म्हणाली.

"कळतं गं मला. पण तक्रार नियमात बसते ना!"

भालबाने तिचं नाव पुसलं. पुसताना तिच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

रविवारी रंगराव जिंकला. मोराने पिसारा फुलवून ते नाव तीनदा पुकारलं. हरिणींनी माना खाली घातल्या, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. चिमी मागे बसली होती, कानांवर पंजे दाबून.

मग सिंहमहाराज उठले. वर्षभरात एकही अभद्र नाव सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे जंगलात अभद्र नाव उरलंच नाही, असं ते म्हणाले. भालबाला सन्मानपत्र जाहीर झालं. द्यायला बोलावलं विजेत्यालाच. रिवाज असा, की विजेत्याचे आभार त्याच्या टोपणनावानेच मानायचे.

भालबाने माइकसमोर ते नाव खणखणीत घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

तात्पर्य : बाळांनो, घाण करायचीच तर इतकी करावी, की तक्रार करणाऱ्याची जीभ रेटू नये. जरा कमी केलीत, तर पकडले जाल.