वाइनमधला गॅस कसा काढावा

वाइनमधला गॅस काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान त्या शनिवारी सकाळी मी बायकोला असंच सांगितलं होतं. हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करण्यात माझी सतरा वर्षं गेली आहेत. हवा कुठून ओढायची आणि कुठे सोडायची, हे मला कोणी शिकवू नये.

झालं होतं असं, की परसातल्या वेलाच्या काळ्या द्राक्षांची मी वीस लिटर वाइन केली होती. रविवारी सासूबाईंचा साठावा वाढदिवस. "वाइन माझ्याकडून!" असं मी महिनाभर आधीच चारचौघांत जाहीर करून बसलो होतो. सासरे निवृत्त अन्न निरीक्षक. बारा वर्षांत त्यांनी माझ्या हातचा चहासुद्धा पास केलेला नाही. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'उत्तम' ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

पण वाइन जिभेला चावत होती. आंबताना झालेला गॅस आतच अडकलेला.

"राहू द्या दोन महिने. निघून जाईल आपोआप," बायको म्हणाली.

"वाढदिवस थांबणार आहे का दोन महिने?"

मी वर्कशॉपमधून सक्शन मशीन आणलं. ऑपरेशनच्या वेळी रक्त, कफ वगैरे ओढून घेतात ना, ते! अगदी कोरं करकरीत, खोकं माझ्या हातानं फोडलेलं. रिकाम्या काचेच्या बुधल्याला मशीन जोडलं, त्यातून एक नळी भरलेल्या बुधल्यात सोडली आणि बटण दाबलं. गाळ तळाशी ठेवून वाइन मुकाट्यानं या बुधल्यात आली. मग ती नळी बंद केली आणि मशीन चालूच ठेवलं. बुडबुडे सुटले. मग फेस! उतू जाणाऱ्या दुधासारखा तो वर चढला, मशीनच्या नळीत शिरला आणि मशीनला लावलेल्या बाटलीत लालभडक वाइन जमू लागली.

घरघरीनं बायकोचं डोकं उठलं होतं. डोक्याला फडकं बांधून, कानांत कापूस घालून, डोळे मिटून ती शेजारच्याच सोफ्यावर पडली होती.

नेमक्या तेव्हा शेजारच्या मावशी आवाजाची तक्रार करायला दारात उभ्या राहिल्या.

"अगंबाई! हे काय चाललंय?"

माझा एक हात नळीवर, दुसरा बटणावर. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आत्ता बोलू नका मावशी! दीड लिटर निघालंय, अजून येतंच आहे!"

"अहो, डॉक्टर कुठे आहेत?"

"डॉक्टर कशाला? मी आहे ना! पहिल्यांदाच करतोय, पण जमेल!"

मावशी गेल्या. तक्रार परस्पर मिटली म्हणून मला बरंच वाटलं.

काम झाल्यावर बाटलीतली वाइन मी परत बुधल्यात ओतली. थेंबही वाया घालवला नाही. चमचाभर चाखून पाहिली. काय सांगू! चावणं पार गेलेलं. मशीन पुसून पलंगाखाली सरकवलं.

पाऊण तासात सासरे दारात! एका पायात बूट, दुसऱ्यात स्लीपर.

"माझी मुलगी कुठे आहे?"

"बाबा? तुम्ही इकडे कसे?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्यांनी तिचं कपाळ चाचपलं, नाडी पाहिली आणि मटकन सोफ्यावर बसले.

"तुमच्या शेजारणीचा फोन... मला वाटलं..." धापा टाकत त्यांनी रुमालानं घाम पुसला. मला खरंच गलबलून आलं. समोर होती ती वाइन मी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी अर्धा पेला नुसता घशाखाली लोटला. मग थांबले. पेला खिडकीकडे धरला. वास घेतला. आणखी एक घोट घेऊन तोंडात घोळवला.

"उत्तम!"

बारा वर्षं! माझे डोळेच भरून आले हो.

"गॅस नाही, गाळ नाही. जावईबापू, मानलं तुम्हाला!" पेला संपवून त्यांनी दुसऱ्यासाठी पुढे केला. तो मी काठोकाठ भरला. आता त्यांचा श्वासही जागेवर आला होता. "पण मग त्या बाई काय सांगत होत्या? म्हणे मशीन लावलंय, बाटली रक्तानं भरत चाललीय..."

इथे गप्प बसलो असतो तर! पण कौतुक डोक्यात गेलं होतं.

"रक्त कसलं, बाबा? हीच वाइन!" म्हणत मी स्वतःच्या हातानं पलंगाखालचं मशीन ओढून बाहेर काढलं. "बाटलीतलीसुद्धा सगळी परत ओतली!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. सासऱ्यांनी मशीनकडे पाहिलं. मग हातातल्या पेल्याकडे.

"हे एरवी कशासाठी वापरतात?"

आणि मी, सतरा वर्षांचा जाणकार, त्यांना सविस्तर सांगितलं.

वाढदिवसाला सगळे लिंबू सरबत प्यायले. वाइन मात्र खरोखर उत्तम झाली आहे, हे खुद्द अन्न निरीक्षकांचं मत. साडेएकोणीस लिटर शिल्लक आहे. मशीन कोरं होतं, शप्पथ! तुम्ही कधी येताय?