पास रोसविताचा, तिकिटं हार्टमुटची

"उभं राहून जायचं आणि त्याला म्हणायचं मोकळीक," पावाला लोणी लावता लावता हार्टमुट पुटपुटला. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण रोसविता समोरच बसलेली.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"मी लोण्याशी बोलत होतो."

उल्म शहरातल्या त्या स्वयंपाकघरात महिनाभर हेच चाललं होतं. त्यांचा मुलगा टिल स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला राहायचा. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि सुनेने, नेजाने, लिहिलं होतं, "या, हवे तितके दिवस राहा." जायचं यावर वाद नव्हता. वाद होता तिकिटांचा. रोसविताला रेल्वेचा पास हवा होता. महिनाभरात मनाला येईल त्या दिवशी समोर येईल त्या गाडीत बसायचं. हार्टमुटला सुटी तिकिटं हवी होती. ठरलेला दिवस, ठरलेली गाडी, ठरलेली खुर्ची. शनिवारी जायचं, रविवारी दुपारी परत.

"नातीला बघायला निघालायस की विजेचा मीटर वाचायला?"

"आधी काढली की निम्म्यात मिळतात. पास म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचं बिल."

टिलचं नाव मात्र या भांडणात दोघंही घेत नसत. पुलांचे आराखडे काढायची पक्की नोकरी सोडून तो मधमाश्या पाळायला गेला, तेव्हा हार्टमुट त्याला नको ते बोलला होता, आणि लग्नालाही गेला नव्हता. तेव्हापासून नाताळच्या शुभेच्छा जायच्या त्या रोसविताच्या अक्षरात.

शेवटी एका सकाळी रोसविताने फोन उघडला आणि आपल्यापुरता पास घेऊन टाकला. "तू तुझ्या तिकिटाने ये. मी माझ्या पासावर जाते. गाडी तर एकच आहे."

"बस मग कुठे जागा मिळते ते बघून."

हार्टमुट हाडाचा श्वाबी, काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या मुलखातला. स्वस्तात मिळालेली वस्तू आणखी स्वस्त कशी करता येईल या विचाराने त्याला झोप लागत नसे. त्याने शोध लावला की प्रवासाचे तुकडे केले की आणखी वाचतात. उल्म ते म्युनिक एक तिकीट, म्युनिक ते फिलाख दुसरं, तिथून पुढे तिसरं. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला त्याने हे अशा थाटात सांगितलं, की जणू परसात सोन्याची खाण सापडली आहे.

शनिवारी गाडी खच्चून भरलेली. पासावर गाडीत चढता येतं, बसता येईलच असं नाही. रोसविता एका खुर्चीवर टेकली, तर एक बाई नम्रपणे म्हणाली, "माफ करा, ही माझी राखीव आहे." दुसरीकडे बसली, तिथे एक विद्यार्थी तितक्याच नम्रपणे उभा. तिसऱ्या खेपेला ती कुणी काही म्हणायच्या आतच उठली आणि मान ताठ ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली. हार्टमुट खिडकीशी वर्तमानपत्र उघडून बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि वर 'राखीव'चा दिवा.

आउग्सबुर्ग स्टेशन गेलं तरी त्या खुर्चीवर कुणी आलं नाही.

"ही कुणाची?" न राहवून तिने विचारलं.

"राखीव आहे."

"ते दिसतंय. माणूस कुठाय?"

"चढलाय गाडीत. दाराशी उभा आहे मघापासून."

रोसविता येऊन बसली. "माझे पाय दुखत नव्हते," ती म्हणाली.

"मी विचारलं का?"

आणि मग गाडी शेतात थांबली. सिग्नलमध्ये बिघाड झाल्याचं भोंग्यातून सांगण्यात आलं, तसा आपला अंदाज खरा ठरल्याच्या समाधानाने अख्ख्या डब्याने सुस्कारा सोडला. म्युनिकला पोचले तेव्हा पुढची गाडी कधीच निघून गेली होती.

तिकीटखिडकीपाशी नंबराची चिठ्ठी घेऊन दोघं बराच वेळ बसली. नंबर लागला. आतल्या बाईंनी हार्टमुटची तिकिटं उलटसुलट करून पाहिली.

"एकच तिकीट असतं तर पुढच्या गाडीने पाठवलं असतं तुम्हाला. तुम्ही प्रवास घेतलेत तीन. पहिला उशिरा पोचला, त्याला दुसरा काय करणार?"

हार्टमुटने तिन्ही कागद कडेला कड लावून मांडले. जुळवून ठेवले तर कदाचित सांधले जातील. "माणूस तर एकच आहे," तो म्हणाला.

"माणसाला नाही, गाडीला बांधलेली आहेत ही. परतीची चालतील, ती उद्याची आहेत. पण आता पुढच्या गाडीने तिथे पोचेपर्यंत रात्र होईल, आणि उद्या दुपारी लगेच परत. इतक्या लांब, एका झोपेसाठी?"

"मी नाही परत येणार उद्या," रोसविता म्हणाली. "पुढच्या गाडीत मी बसतेय. मला कुणाला विचारायचं नाहीये."

"मग बस," हार्टमुट म्हणाला.

"बसतेच. टिलला काय सांगू?"

ते नाव असं भर काउंटरवर पडलं. मागे थांबलेल्या कुणीतरी बॅग या हातातून त्या हातात घेतली. हार्टमुटने तिकिटं पुन्हा एकावर एक रचली, चौरस केली आणि बाईंकडे सरकवली.

"पास द्या," तो म्हणाला.

रोसविताने त्याच्याकडे पाहिलं.

"देते की," बाई म्हणाल्या. "किती दिवसांचा?"

हार्टमुट काचेवरचा दरांचा तक्ता वाचत राहिला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, तिकडे किती दिवस राहायचंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" तो म्हणाला, आणि मग बाईंकडे नाही, रोसविताकडे वळून: "तो मला घरात तरी घेईल का? त्याने जा म्हणायच्या आत निघता यावं, म्हणून काढली होती मी रविवारची तिकिटं."