गोविंदअण्णांची खोटी खरेदी

गोविंदअण्णांनी मला आजवर कितीतरी साड्या दाखवल्या. दुकानात एकही साडी नसताना. कपाटं रिकामी, काउंटरचं पॉलिश अजून हाताला चिकटतंय, आणि अण्णा पलीकडे उभे राहून दोन्ही हातांनी हवा उलगडत मला विचारताहेत, "काठ बघा की मास्तर. हिरवा दाखवू?" मी हिरवा म्हणालो की ते मागच्या वरच्या खणाकडे वळत आणि तिथवर हात पोचतो की नाही ते बघत.

अण्णा धारवाडात आमच्या शेजारी राहत. दुकानं आतून सजवून देणं हा त्यांचा धंदा. तेव्हा आमच्याकडची बहुतेक दुकानं गादी-तक्क्याची. काउंटर आणि काचेची कपाटं हे नवं खूळ, आणि ते अण्णांनी व त्यांचा धाकटा भाऊ दत्तू यानं घरच्या पडवीत सुरू केलं. मापं अण्णांची, रंधा दत्तूचा, पॉलिश घोटायला दोघांच्या बायका. काम पुरं झालं की दुकान उघडायच्या आदल्या दिवशी सगळं घर गिऱ्हाईक होऊन तिथं जाई. वैनी ठेवणीतलं लुगडं नेसत. म्हातारी आई पायरी चढताना कशाला धरते हे अण्णा डोळ्यांत तेल घालून पाहत. मला ते शाळेतून येतानाच गाठत आणि म्हणत, "बर्री मास्तर, चला. गिऱ्हाईक व्हायचंय."

यात हसायची सोय नव्हती. एकदा मी हसलो, तर त्यांनी मला शांतपणे दुसरं दुकान बघायला सांगितलं.

स्वतःची चूक मात्र त्यांनी जन्मात कबूल केली नाही. एका किराणा दुकानाचं काउंटर इतकं उंच झालं की पलीकडून दुकानदाराची नुसती टोपी दिसे. अण्णांनी त्याला उभं राहायला पाट करून दिला. माप बरोबर आहे, माणूस कमी पडला, असं ते मला म्हणाले.

दत्तूला या सगळ्याचा कंटाळा आला. व्यापारी पाठीमागे हसतात, असं त्याचं म्हणणं. पण खरं वाजलं ते लाकडावरून. अळणावरहून आणलेलं सागवान अण्णा वर्षभर पडवीत सुकवत, आजारी माणसाची कूस बदलावी तसं अधूनमधून उलटवत. हुबळीचे व्यापारी वर्षभर थांबत नाहीत, दत्तू म्हणाला, आणि बायकोला घेऊन हुबळीला गेला. तिथं त्यानं आपलं वेगळं काम सुरू केलं.  रंधा अण्णांनी स्वतः धरला. तो त्यांना कधीच नीट जमला नाही.

पुढच्या पावसाळ्यात हुबळीहून अण्णांना बोलावणं आलं. कोप्पीकर रोडवर एक कापडाचे व्यापारी होते. त्यांना सगळे शेट्टर म्हणत. अण्णा मला बरोबर घेऊन गेले. दुकान दत्तूनंच केलेलं, नवंकोरं. अर्धवट सुकलेल्या लाकडानं पावसाळी हवेत पीळ घेतला होता आणि कपाटांची दारं जाम बसली होती. सणाचा माल आत, गिऱ्हाईक बाहेर. दत्तू कामासाठी बेळगावला गेलेला. शेट्टर नुसते धुमसत होते. या पोराला हुबळीत कुणी खिळा ठोकायलासुद्धा बोलावणार नाही अशी व्यवस्था करतो, म्हणाले. हे सगळं उखडा आणि तुम्ही नव्यानं करून द्या, असं त्यांनी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी एका दारावरून हात फिरवला. आता हे लाकूड सुकवण्यावर तासभर बोलणार, अशी माझी खात्री होती. मनातलं सगळं बाहेर काढायला याहून चांगली जागा त्यांना मिळाली नसती.

"लाकूड माझं आहे," अण्णा म्हणाले. "त्याला मीच दिलं. घाई माझी झाली. दत्तूचा हात बघा की, एक तरी सांधा सुटलाय का?"

शेट्टरनी वाकून सांधे पाहिले. एकही सुटला नव्हता.

मग अण्णांनी कोट काढला, दारं उतरवली आणि संध्याकाळपर्यंत ती तासत बसले. शेट्टर येता-जाता वाटेल ते बोलत होते, आणि अण्णा मान खाली घालून "हौदु, हौदु" म्हणत न केलेलं सगळं कबूल करत होते. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

स्टेशनवर धारवाडच्या गाडीची वाट बघताना मी म्हणालो, हे दत्तूला कळायला हवं.

"नको. शेट्टरनाही सांगून आलोय, त्याला यातलं काही बोलू नका म्हणून." थोडा वेळ ते हाताला लागलेला भुसा झटकत राहिले. "कळलं तर परत येईल हो तो. ओशाळून येईल. तसा आलेला मला नको."

"आणि आलाच नाही तर?"

"हुबळीतच आहे की, मास्तर. लांब कुठं आहे?"

गाडी आली. अण्णा बाकावरून उठेनात. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवलं.