सुधाकाकूंची सायकल

दत्ताकाकांसमोर कुणी बाटलीचं झाकण लावू नये. लावलंच, तर ते सरळ हात धरतात. "आधी बोटांनी दोन फेरे. सरळ बसलं? मग आवळ. जबरदस्ती बिल्कुल नाही!" एका लग्नात त्यांनी खुद्द नवरदेवाच्या हातातली बाटली काढून घेऊन झाकण नव्याने बसवून दिलं होतं. भटजी अंतरपाट धरून ताटकळले होते.

काका आमचे दौलतगंजातले शेजारी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि सायकलींच्या मागे लागले. बोल्ट वाकडा धरून पान्याने दामटला की आतले आटे झिजतात, मग तो नुसताच गरागरा फिरतो. दुकानवाला म्हणतो, "चूड़ी मर गई, नया डलवा लो." काका म्हणतात, "आटे मेले वगैरे काही नाही. घाबरलेत." मग पायमोज्यात गुंडाळलेली आटे पाडायची हत्यारं निघतात, तेलाचा थेंब पडतो आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं काम सुरू होतं. माझ्या सायकलच्या सीटच्या बोल्टला अख्खी सकाळ गेली. मी "झालं का?" म्हटलं, तर म्हणाले, "तू अंदर जा बरं. तुझ्या घाईने त्याला दिक्कत होते."

असा हा माणूस, आणि त्यांच्याच अंगणात त्यांच्या बायकोची, सुधाकाकूंची सायकल तीन महिने डाव्या पायडलावाचून उभी! पायडलाच्या दांड्याचे आटेच गेलेले. काकू जन्मभर सायकलवरून शाळेत शिकवायला गेल्या. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा त्यांना सायकलच लागते.

"सगळ्या लष्कर भागातल्या सायकली सुधारता, माझी एक जमेना?" काकू येता-जाता सुनावत.

"केस कठीण आहे," काका म्हणत आणि हत्यारं घेऊन बसत. होत मात्र काहीच नसे.

मला वाईट वाटलं. वाटलं, वय झालं, हात चालत नसतील. म्हणून मी पायडल बसवायचा दांडाच नवा विकत आणला. काकांनी तो पाहिला आणि घाईघाईने पोत्याखाली सरकवला.

"काकूला नको दाखवू. ते आटे मीच मारले. पायडल वाकडं धरलं आणि पान्याने दाबलं. मुद्दाम."

"मुद्दाम? का?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात ती इंदरगंजच्या चौकात सायकल धरून तासभर उभी होती. घरचा रस्ताच आठवेना. एका फळवाल्याने आणून सोडलं. डॉक्टर म्हणतात, एकटं पाठवू नका. आता तिला कसं सांगू, तू सायकल चालवू नको म्हणून? खचून जाईल गं ती."

"पण काका, त्या तुम्हाला किती बोलतात!"

"बोलू दे. तिला रस्ता येत नाही, त्यापेक्षा मला काम येत नाही, हे बरं."

काकांची थट्टा करण्यात माझी इतकी वर्षं गेली, त्याची लाज वाटली.

सायकल नाही, म्हणून हल्ली दोघं रोज संध्याकाळी पायी भाजीला जातात. काकू पुढे, पिशवी घेऊन काका मागे. वाटभर काकूंचं बोलणं चालूच असतं. परवा मी मागून येत होते. चौकात आल्यावर काकू एकदम थबकल्या, इकडेतिकडे पाहू लागल्या. काका अर्धं पाऊल पुढे झाले. काकू त्यांना रागावत रागावत मागोमाग बरोबर वळल्या.